गावातला पब ओव्हररेटेड? आधी उठून बारवर जा!

डेल्सकर:
परवा इथे एकांनी इंग्लंडमधल्या यॉर्कशर डेल्सची ट्रिप लिहिली. गावातला पब म्हणे ओव्हररेटेड. वीस मिनिटं बसलो तरी टेबलावर कोणी आलं नाही, बिअर कोमट, तीन वाजता जेवण नाही, वर लोक वळून बघत होते. अहो, तिथे टेबलावर कोणी येतच नाही! बारवर जायचं, मागायचं, तिथल्या तिथे पैसे द्यायचे, ग्लास आपणच आणायचा. रांग दिसत नसली तरी कोण आधी आलं ते बारमागच्या बाईला बरोबर ठाऊक असतं. आणि कोमट काय कोमट? बारवरच्या हातपंपाने ओढून देतात ती एल, म्हणजे तिथली पारंपरिक बिअर, तळघरात ११ ते १३ डिग्रीला ठेवतात, पिंपातच आंबत असते, बर्फगार केली की चव मेली. ही एल टिकावी म्हणून तिथल्या लोकांनी १९७१ मध्ये काम्रा ही संघटना काढली आणि आपण विचारायचं, फ्रिज बिघडलाय का!

सिंहगड_रोड:
ती पोस्ट माझीच. डिग्र्या राहू द्या, नवीन माणसाला 'बारवर या' एवढं सांगायला जीभ झिजते? आपल्याकडे टपरीवाला पण 'काय देऊ' विचारतो. मुलगी भुकेली, किचन अडीचला बंद, हातात क्रिस्प्सची पुडी.

लीड्सची_मावशी:
दुपारी एक ते चार दुकानं बंद ठेवणाऱ्या गावचे तुम्ही, तुम्ही तर बोलूच नका :) पण डेल्सकर, त्या एलचं एवढं कौतुक नको. आमचे हे चतुर्थीवाले, अंडंसुद्धा नाही, सात वर्षं दर शुक्रवारी पाइंट. मग कळलं की एल नितळ करायला आयसिंग्लास घालतात, म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. घरात आठवडाभर सुतक!

मुरब्याचा_कोळी:
मावशी, त्याला आम्ही भोत म्हणतो. घोळ माशाच्या भोतासाठीच तर मारामारी असते. २०२१ ला आमच्याकडे १५७ घोळ मिळाले, लिलाव १ कोटी ३३ लाखांचा. तुमच्या ह्यांना सांगा, महागातला मासा खाल्लाय.

डेल्सकर:
भोत तळाशी बसतं हो, ग्लासात जवळपास येतच नाही.

लीड्सची_मावशी:
वा! म्हणजे रश्श्यातला तुकडा बाजूला काढला की आमटी शाकाहारी? गिनेस बिअरवाल्यांनी बंद केलं ना वापरणं, मग बाकीच्यांना काय धाड भरलीय?

मुरब्याचा_कोळी:
बंद करा म्हणजे आमच्या पोटावर पाय. शाकाहाऱ्यांनी सोडा प्यावा.

सिंहगड_रोड:
मासे राहू द्या, माझ्या प्रश्नाचं काय? माणसं आखडू आहेत की नाहीत?

डेल्सकर:
आखडू नाहीत. म्हणजे... सांगतोच. मी नवीन होतो तेव्हा चौघांनी एकेक राऊंड पाजला, माझी पाळी आली आणि मी 'गुड नाइट' करून घरी. मला वाटलं पाहुणचार! पुढे तीन आठवडे कोणी धड बोललं नाही, का ते सांगितलंही नाही. शेवटी एका म्हाताऱ्याने रिकामा ग्लास माझ्यासमोर आपटला तेव्हा डोक्यात प्रकाश.

सिंहगड_रोड:
म्हणजे सांगत नाहीतच! मी वेगळं काय लिहिलं होतं?

डेल्सकर:
बरं, तेवढं मान्य. एल मात्र कोमट नव्हती.

सिंहगड_रोड:
पुढच्या वेळी उठून मागतो, बास? पण अर्धाच पाइंट. आणि खायला चिवडा घरून नेणार.

डेल्सकर:
बाहेरचं खाणं चालत नाही.