ईजीटी प्रोब बदलायचेत, ग्राउंडेड घ्यावेत की अनग्राउंडेड? (सेसना १७२)

कटी_पतंग_डॅलस
मंडळी, इकडे आम्ही तिघांनी मिळून एक जुनं सेसना १७२ एम विमान ठेवलंय, इंजिन लायकमिंग ओ-३२०-ई२डी, १५० हॉर्सपॉवरवालं. चारही सिलिंडरला ईजीटी प्रोब (एक्झॉस्ट गॅसचं तापमान मोजणारे सेन्सर) आहेत पण क्रूझमधे, म्हणजे स्थिर उड्डाणात, तीन नंबर बाकीच्यांपेक्षा ७० फॅरनहाइट तरी जास्त दाखवतोय. मेकॅनिक म्हणतो प्रोब जुना झालाय, बदलू. बदलायचेच तर चारही बदलावेत असं वाटतंय, पण ग्राउंडेड, अनग्राउंडेड, जाड टोकाचे, बारीक टोकाचे एवढे प्रकार आहेत की काही कळेना. कोणी तुलना करून बघितलीय का?

हँगर_नागपूर
भाऊ, पैसे घालायच्या आधी मेकॅनिककडून एक आणि तीन नंबरचे प्रोब अदलाबदल करून घ्या, मॉनिटरकडे जाणाऱ्या वायरी मात्र जागच्या जागी. जास्तीचा आकडा प्रोबबरोबर एक नंबरवर गेला तर प्रोब खराब. तीनवरच राहिला तर नवा प्रोब आणून काही फरक पडणार नाही, मग वायर, एक्झॉस्ट पाइपातलं प्रोबचं भोक नाहीतर खुद्द सिलिंडर बघा.
भोकाचं अंतर पण मोजा. फ्लँजपासून (पाइप सिलिंडरला जोडतो तिथून) साधारण २ ते ४ इंचात असतं, पण महत्त्वाचं म्हणजे चारही ठिकाणी सारखं पायजे, कारण जवळ बसवलेला प्रोब जास्तच दाखवणार. आणि कार्ब्युरेटरच्या इंजिनात चारही सिलिंडरला मिश्रण सारखं पोचतच नाही, त्यामुळे नुसता ७० चा फरक बघून मी तरी घाबरणार नाही.

मिलिव्होल्ट
मी पुण्यात थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमानाचा सेन्सर, तुमचा प्रोब तोच) कॅलिब्रेशन करतो, विमानाचं नाही, भट्ट्यांचं, पण वायर तीच, के टाइप, क्रोमेल-अल्युमेल. साध्या ग्रेडला २.२ सेल्सिअस किंवा ०.७५ टक्के यातलं जे मोठं असेल तेवढी चूक चालते, म्हणजे ७५० सेल्सिअसला साडेपाच अंश, तुमच्या फॅरनहाइटमधे १० वर किंवा १० खाली. दोन कोरे प्रोब एकाच पाइपात घातले तरी २० चा फरक येऊ शकतो आणि दोन्ही पास! स्पेशल ग्रेडला हेच ०.४ टक्के. त्यामुळे कंपनीचं नाव नंतर बघा, आधी ग्रेड विचारा, आणि चारही एकाच जातीचे घ्या.
ग्राउंडेडमधे तारांचा जोड बाहेरच्या नळीलाच वेल्ड केलेला असतो म्हणून तो पटकन प्रतिसाद देतो, पण इंजिनची अर्थिंग पट्टी ढिली असेल तर आकडे नाचतात. अनग्राउंडेड थोडा संथ, पण विजेच्या दृष्टीने नळीपासून अलग. तुमच्या मॉनिटरला कुठला चालतो ते त्याच्याच मॅन्युअलमधे बघा, इथे अंदाज नको.

कटी_पतंग_डॅलस
हे मस्त सांगितलंत, ग्रेडचं आम्हाला कोणी बोललंच नव्हतं. पण मग बारीक टोकाचा खरं तापमान दाखवतो का?

लीन_करा_रे
खरं तापमान कुठलाच दाखवत नाही हो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, प्रोबवर गरम गॅसचा झोत येतो आणि जातो, दिसतो तो सगळ्याचा मिळून सरासरी आकडा. टोक जाड का बारीक, पाइपात किती आत गेलंय, त्यावर तो बदलतो. म्हणून १३८० की १४५० यात अडकू नका. लीन करताना (मिश्रणातलं इंधन कमी करताना) प्रत्येक सिलिंडरचा पीक, म्हणजे सर्वात चढा आकडा, कुठे येतो आणि आपण त्याच्या किती अलीकडे आहोत ते बघा, त्यासाठी सगळे प्रोब सारख्या वेगाचे असले की झालं. मॅग चेकला (ठिणगी देणारे दोन मॅग्नेटो एकेक करून तपासताना) तर ईजीटी फारच कामाचा, एका मॅगवर गेलात की चारही आकडे चढायला पायजेत, एखादाच कोसळला तर त्या सिलिंडरचा प्लग किंवा त्याची लीड बघा.

मिलिव्होल्ट
अजून एक, वायरचं. प्रोबपासून मॉनिटरपर्यंत के टाइपचीच वायर पायजे. मधे कोणी साधी तांब्याची जोडली आणि तो जोड इंजिनजवळ ८० अंशात, मॉनिटर ३० अंशात, तर आकडा ५० सेल्सिअसने कमी येणार. तीन नंबर जास्त दाखवतोय म्हणता, पण बाकी तीन कमी दाखवत असतील तर? आणि अमेरिकन कोडात लाल वायर मायनस असते, पिवळी प्लस. इलेक्ट्रिशियनचा हात सवयीने लाल प्लसला लावतो.

हँगर_नागपूर
हे बरोबर, जोड आधी तपासा. प्रोब काढला की टोक झिजलंय का, क्लँप सैल झालाय का तेही बघून घ्या, तिथून गॅस गळला तर काउलिंगच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) आत आग लागू शकते आणि केबिनमधे कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो, ते ७० अंशांपेक्षा फार गंभीर आहे.

कटी_पतंग_डॅलस
ओके, या शनिवारी मेकॅनिकसमोर अदलाबदल आणि वायरचे जोड दोन्ही बघतो, खरेदी सध्या थांबवली. आकडे इथेच टाकतो.