मोनोला ‘एककर्णी’ म्हणावं का?

जास्वंद:
एक प्रश्न शब्दाचा, एक वायरीचा. दिवाळीआधी आईच्या कविता लॅपटॉपवर वाचून रेकॉर्ड करून ठेवतेय. माइक एकच, छोट्या इंटरफेसच्या (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीच्या) पहिल्या इनपुटला लावलेला. हेडफोनवर ऐकलं तर आवाज फक्त डाव्या कानात. भाचा म्हणाला, ‘मावशी, ते मोनो झालंय, स्टिरिओवर टाक.’ बघते तर सेटिंग आधीच स्टिरिओ! त्यावरून सुचलं, मोनोला ‘एककर्णी’ आणि स्टिरिओला ‘द्विकर्णी’ म्हटलं तर?

तंबोरा:
ताई, भाच्याने नेमकं उलटं सांगितलं. त्याला बोल लावू नका, सगळे असंच बोलतात. एकाच कानात येणारा आवाज म्हणजे मोनो नव्हे. तो स्टिरिओच आहे, फक्त उजवी बाजू मुकी. पहिलं इनपुट डावीकडे जातं, दुसरं उजवीकडे. दुसऱ्यात काही लावलंच नाही, तर तिथली शांतताही इमानेइतबारे रेकॉर्ड होते.

मोनो म्हणजे एकच आवाज, पण दोन्ही कानांना सारखा. त्यामुळे ‘एककर्णी’ बाद. तो शब्द तुमच्या बिघाडाला शोभतो, मोनोला नाही.

खात्री करायची तर रेकॉर्डिंग चालू करून माइकच्या जाळीवर नखाने हलकं खरवडा आणि मीटर बघा. वरची पट्टी उड्या मारतेय आणि खालची निपचित, म्हणजे दुखणं हेच. रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर असेल तर रेकॉर्डिंगला एकच चॅनल निवडा. झालेलं वाचन मात्र टाकून देऊ नका. ट्रॅकच्या मेनूतून स्टिरिओ फोडून दोन मोनो ट्रॅक करा आणि रिकामा उडवा. दोन्ही मिसळून मोनो करायला गेलात तर सरासरी निघेल, आणि त्यातला एक आकडा शून्य आहे. पातळी ६ डेसिबलने खाली येईल.

बोरूबहाद्दर:
शब्दाचं बघू. ग्रीक ‘मोनोस’ म्हणजे एकटा. ‘स्टिरिओस’चा मात्र दोनशी काही संबंध नाही, त्याचा अर्थ घन, भरीव. स्टिरिओस्कोपमधून दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि देखाव्याला खोली येते, तीच कल्पना कानांना लावली. छापखान्यातला ‘स्टिरिओटाइप’ही तिथलाच, मजकुराचा अख्खा ओतलेला ठोकळा. आपण स्टिरिओटाइपला ‘ठोकळेबाज’ म्हणतो, ते नकळत मुळाशी किती इमान राखून! गंमत म्हणजे ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ साली या तंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हा ते त्याला ‘बायनॉरल’ म्हणत होते, म्हणजे जास्वंदताईंचा ‘द्विकर्णी’च. पुढे मात्र बायनॉरलला वेगळा अर्थ चिकटला. डोक्याच्या पुतळ्याच्या कानांत माइक बसवून हेडफोनसाठी केलेलं रेकॉर्डिंग, असा. त्यामुळे द्विकर्णी तिकडे राखून ठेवू.

खडूफळा:
एकेरी-दुहेरी?

बोरूबहाद्दर:
‘त्यांचा आवाज एकेरीत रेकॉर्ड केला’ म्हटलं तर गुरुजींना अरेतुरे केल्यासारखं वाटेल. मी ‘एकपदरी’ आणि ‘दुपदरी’ सुचवेन. दोरीला पदर असतात, रस्त्यालाही असतात, चॅनलला का नको? ‘घनध्वनी’ मुळाला धरून आहे, पण ऐकणाऱ्याला घणाघात आठवेल.

काटकोन:
दुपदरी चांगला आहे, पण स्टुडिओत कोणी म्हणणार नाही. तिथे ‘लेफ्ट येतंय, राइट मेलंय’ एवढंच ऐकू येतं.

याच जातीचा एक चकवा सांगतो, मी स्वतः आपटलोय. तीन पिनांचा माइक बाजारातल्या तयार वायरीने थेट रेकॉर्डरच्या ३.५ मिलिमीटरच्या स्टिरिओ सॉकेटला जोडला. हेडफोनवर दोन्ही कानांत आवाज, जरा विचित्र, डोक्याच्या मध्ये न बसणारा. काकूंनी फोनच्या स्पीकरवर लावलं तर जवळजवळ काहीच नाही! अशा माइकच्या दोन तारांत आवाज तोच, पण एकीत सुलटा, दुसरीत उलटा. माझ्या वायरीने एक डावीकडे दिली, दुसरी उजवीकडे. फोनच्या स्पीकरने दोन्हींची बेरीज केली, आणि अधिक एक, उणे एक, शून्य. एक बाजू उडवल्यावर आवाज परतला. मोनो आणि स्टिरिओ हे दोन्ही प्लग लांबून सारखेच दिसतात, म्हणून आता आधी काळे पट्टे मोजतो. एक पट्टा असेल तर मोनो, दोन असतील तर स्टिरिओ किंवा ही उलटी-सुलटी जोडी, आणि तीन म्हणजे माइकवाला मोबाइलचा हेडफोन.

खडूफळा:
याला शब्द हवा. ‘वजाबाकी झाली’?

काटकोन:
घेतला.

जास्वंद:
नखाने खरवडलं. खालची पट्टी ढिम्म. चॅनल एक केल्यावर आई दोन्ही कानांत आली. आधीच्या सात कवितांतली रिकामी बाजूही उडवली. फोल्डरला ‘एकपदरी’ नाव दिलंय. भाच्याला सगळं समजावून सांगितलं, तर म्हणतो, ‘म्हणजे सेटिंगच बदलायचं होतं ना? मी तेच म्हणत होतो.’