कंट्रोल झेडनं प्रोग्राम थांबंना, मदत हवी आहे, अर्जंट

यार्डातला_पोरगा, सांगली
कंट्रोल झेड दाबलं की प्रोग्राम थांबतो आणि एफजी ही कमांड टाइप केली की तिथूनच पुढं चालू होतो, असं सगळीकडं लिहिलंय. माझ्याकडं ढिम्म. ओळी आपल्या पडतच राहतात. कंट्रोल सी चालतंय, पण मला मारायचा नाही, नुसता थांबवायचाय. दुपारी सौदे झाले की बिलं काढायला मशीन मोकळं लागतं. लवकर सांगा.

कोयनाकाठ
कुठला प्रोग्राम? विंडोज का लिनक्स? ज्योतिष बघायला बसलोय का आम्ही?

यार्डातला_पोरगा
विंडोजच की. काळी खिडकी. बॅश आहे, लिनक्ससारख्या कमांड टाइप करायचं.

मास्तर_निवृत्त
कंट्रोल झेड म्हणजे केलेलं परत मागं घेणं. एक्सेलमध्ये १०० पायऱ्यांपर्यंत मागं जाता येतं. मी शाळेचे निकाल त्यावरच करायचो.

कोयनाकाठ
मास्तर, तो वेगळा विषय आहे हो.
पोरा, बॅश गिटबरोबर (कोडच्या आवृत्त्या सांभाळायचं ते) आलेलं का डब्ल्यूएसएलमधलं (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय)?

यार्डातला_पोरगा
गिटवालं. पायथनची स्क्रिप्ट आहे, जुन्या पट्ट्यांचे, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदांचे, स्कॅन वाचते. हजारो फायली आहेत.

टक्स_मिरजकर
विंडोज काढून टाक, उबुंटू लिनक्स घाल. प्रश्न मिटला.

यार्डातला_पोरगा
मशीन शेठचं आहे. उबुंटू घातलं तर मलाच काढून टाकतील.

भडंग_प्रेमी
कंट्रोल एस दाब, थांबतंय. कंट्रोल क्यूनं परत चालू.

कोयनाकाठ
त्यानं पडद्यावरच्या ओळी थांबतात. आतलं काम चालूच राहू शकतं. त्याला प्रोसेसर मोकळा पाहिजे, ओळी नकोत असं नाही.

भडंग_प्रेमी
माझं तर थांबलं होतं बाबा.

विश्रामबाग_डेव्ह
आधी एक कर. त्याच खिडकीत स्लीप १०० (नुसता शंभर सेकंद वाट बघणारा प्रोग्राम) चालव आणि कंट्रोल झेड दाब. मग 'व्हिच पायथन' टाकून काय येतंय ते लिही, कुठलं पायथन चालतंय ते कळेल.

यार्डातला_पोरगा
स्लीप थांबलं! स्टॉप्ड असं आलं. व्हिचला सी ड्राइव्हमधल्या युजर्सचा पत्ता दाखवतंय.

विश्रामबाग_डेव्ह
मग बरोबर आहे. स्लीप हे गिट बॅशबरोबर आलेलं, एमसिसवर, म्हणजे विंडोजवर लिनक्ससारखे प्रोग्राम चालवणाऱ्या थरावर, बांधलेलं. थांबायचा सिग्नल, एसआयजीटीएसटीपी, त्याला ती एमसिसची डीएलएल (लायब्ररीची फाइल) पोचवते. तुझं पायथन अस्सल विंडोजचं. विंडोजच्या सी लायब्ररीत सिग्नल मोजकेच, त्यात हा नाहीच. उलट विंडोजच्या कन्सोलमध्ये कंट्रोल झेड म्हणजे इनपुट संपलं अशी खूण, सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जमान्यापासून चालत आलेली. त्यामुळं तिथं पायथनमधून बाहेर पडायला कंट्रोल झेड आणि एंटर मारतात. किल्ली कितीही दाब, ऐकायला पलीकडं कोणी नाही.

टक्स_मिरजकर
म्हणजे डब्ल्यूएसएल घाल असंच ना? मी वेगळं काय सांगत होतो?

विश्रामबाग_डेव्ह
डब्ल्यूएसएलमध्ये लिनक्सचं पायथन घालून चालवलं तर कंट्रोल झेड नीट चालेल. पण फायली सी ड्राइव्हवर ठेवून डब्ल्यूएसएल २ मधून वाचल्या तर वेग मार खातो, आणि याच्याकडं फायलीच फायली आहेत.

टक्स_मिरजकर
फायली आत कॉपी करायच्या की.

विश्रामबाग_डेव्ह
शेठच्या मशीनवर? तुम्ही येता का करायला?
पोरा, मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स साधनांमधलं पीएससस्पेंड उतरवून घे. पीएससस्पेंड आणि पुढं पीआयडी, म्हणजे चालू प्रोग्रामचा नंबर, टाकलं की थांबतो. तेच डॅश आर लावून टाकलं की चालू. रॅम सोडत नाही, पण प्रोसेसर मोकळा होतो.

कोयनाकाठ
तेही नको असेल तर रिसोर्स मॉनिटर उघड, सीपीयूच्या टॅबमध्ये प्रोसेसवर राइट क्लिक, सस्पेंड. काही उतरवायला नको. मात्र स्क्रिप्ट नेटवर्कवर काही ओढत असेल तर तासभर थांबवल्यावर समोरचा सर्व्हर जोडणी तोडू शकतो.

भडंग_प्रेमी
स्क्रिप्टमध्येच सोय करा ना. दर फायलीनंतर 'थांब' नावाची फाइल आहे का बघायचं, असली तर वाट बघत बसायचं. आम्ही दुकानात तसंच केलंय, कामाला लागणाऱ्या पोरालाबी जमतं.

कोयनाकाठ
कंट्रोल एसवाल्याकडून हे शहाणपण आलं! चांगलं आहे पण.

यार्डातला_पोरगा
पीएससस्पेंड चाललं. पण पायथन असं नाव टाकलं तर बिलांची स्क्रिप्टपण थांबली. शेठ ओरडायलेत.

विश्रामबाग_डेव्ह
नाव टाकलं की त्या नावाचे सगळेच थांबणार. पीआयडी टाक म्हटलं होतं. आता डॅश आर लावून नाव टाक, म्हणजे दोन्ही सुरू होतील. मग टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये कमांड लाइनचा कॉलम दाखवायला लाव, कुठल्या पीआयडीवर कुठली स्क्रिप्ट ते तिथं दिसेल. बॅशच्या पीएस कमांडमधून आकडा घेणार असशील तर विनपीआयडीच्या (विंडोजच्या नंबरच्या) कॉलममधला घे, पहिल्या पीआयडीचा नको.