दादरला ‘गाडी आली’ : ही जप्ती कायद्यात बसते का? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

पथारी
दादर पश्चिमेला महापालिकेची जप्तीची गाडी दिसून ‘गाडी आली’ अशी हाक उठली की ताडपत्रीची चार टोकं एका मुठीत येतात आणि पथारीचं गाठोडं होतं. ज्याला ते जमलं नाही त्याचा माल गाडीत. माझ्या मते यातली बरीचशी जप्ती बेकायदा आहे. पथविक्रेता कायदा 2014, कलम 3(3) : सर्वेक्षण पुरं होऊन सगळ्यांना विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाही विक्रेत्याला उठवायचं नाही. मुंबईत 2014 च्या सर्वेक्षणात सुमारे 99 हजार अर्ज आले, पात्र ठरले 32 हजारांच्या आसपास. पुढे प्रमाणपत्रांचं घोंगडं भिजतच पडलं. महापालिकेने आपणच काम अडवायचं आणि वर ‘परवाना दाखव’ म्हणायचं!

चालायला जागा द्या
सोयीचं तेवढंच कलम वाचलंत. उच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्टेशनपासून 150 मीटर, शाळा आणि प्रार्थनास्थळांपासून 100 मीटर विक्रीला मनाई केली, ती विसरलात? शिवाय मुंबई महापालिका अधिनियमाचं कलम 314 विनानोटीस माल उचलायची मुभा देतं.
जरा टेप लावा. चालायला मोकळा पट्टा किमान 1.8 मीटर, पथारी 1 मीटर, तिच्यापुढे वाकून भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाला पाऊण मीटर. झाले साडेतीन. स्टेशनच्या तोंडाशी एवढा रुंद पदपथ दाखवा. गिऱ्हाइकाची जागा कुणी धरतच नाही, आणि चालणारा रस्त्यावर उतरतो तो तिथेच.

पथारी
314 हे 1888 च्या कायद्यातलं. 2014 च्या कायद्याचं कलम 33 सांगतं की विसंगती असेल तिथे हाच कायदा वरचढ. कलम 18 प्रमाणे हटवायला 30 दिवसांची नोटीस लागते. आणि 150 मीटरचा आदेश एल्फिन्स्टन स्टेशनच्या चेंगराचेंगरीनंतर आला, पण माणसं गेली ती अरुंद पुलावर.
तुमची टेप मान्य. मग विक्रीचे पट्टे आखा ना! ते ठरवायला नगर पथविक्रेता समिती आहे, तिच्यात 40 टक्के निवडून आलेले विक्रेते हवेत. मुंबईत त्यासाठी मतदान झालं ऑगस्ट 2024 मध्ये. कायदा येऊन दहा वर्षं!

पावती मागा
वाद चालू द्या, पण गाडीपाशी उपयोगी पडतं ते 2014 च्या कायद्याचं कलम 19. जप्त मालाची यादी करून सहीची प्रत विक्रेत्याला द्यायची असते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत, शुल्क भरून परत. घोळ होतो तो ‘मागणी केल्यावर’ या शब्दांत. तोंडी विनवणीची नोंद राहत नाही. त्यामुळे अर्ज दोन प्रतींत, आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि वेळ. यादीत ‘भाजी, 1 गोणी’ असं मोघम चालवून घेऊ नका. मेथी 40 जुड्या, वजनकाटा 1, ताडपत्री 1 असं लिहवून घ्या. काटा यादीत लिहायचा हमखास राहतो, आणि भाजीपेक्षा महाग तोच.

चालायला जागा द्या
यादीचं पटलं, ती द्यायलाच हवी. पण पदपथावर शेगडी आणि सिलिंडर मांडणाऱ्याला 3(3) ची ढाल देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्येच मुंबईत रस्त्यावर अन्न शिजवायला मनाई केली आहे. मेथीवाली बाई आणि तळणाची गाडी एका मापात कशी बसेल?

पथारी
बसू नये. पण गाडी आली की आधी सापडते ती मेथीवाली. सिलिंडरवाल्याला बातमी अर्धा तास आधी पोचलेली असते.