पथदिव्यांच्या पुढचं काय?

'पालिकेने रस्त्यावर एलईडी लावले, झाली ऊर्जाबचत' असं कुणीतरी म्हटलंय. मला ते अजिबात पटत नाही. खरी वीज घरांत, शाळांत आणि दुकानांत जाते, तिथे पालिका एकटी पुरी पडत नाही.

राज्य सरकारच्या 'माझी वसुंधरा' या पर्यावरण अभियानात 'अग्नी' हा घटक ऊर्जेसाठीच आहे, म्हणजे चौकट २०२० पासून आहे. पुण्यात सौर, गांडूळखत, पर्जन्यजल यांपैकी एक प्रकल्प केला की मिळकतकरात ५ टक्के सवलत, दोन किंवा जास्त केले की १० टक्के. ही सवलत बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरच्या पंख्यांनाही द्यायला काय हरकत आहे?

साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी तीसच्या आसपास. शाळेत २० पंखे सहा तास फिरले तर रोज पाच युनिटांहून जास्त वाचतात. आमच्या सोसायटीच्या जिन्यात चोकवाल्या जुन्या ट्यूब होत्या, रात्रभर घूं घूं करायच्या. त्या बदलायचा ठराव सभेत तीनदा पुढे ढकलला गेला, कारण सुरुवातीचा खर्च कुणी उचलायचा यावर गाडी अडायची. पालिका, वीज कंपनी आणि सोसायट्या यांनी मिळून हा खर्च बिलातून हप्त्याने फेडायची सोय केली, तर असे ठराव एका बैठकीत होतील.