वृद्धाश्रमात इन्फेक्शन कंट्रोलचं काम नेमकं काय? (आणि एका मजल्यावर उलट्या-जुलाब)

मीनल_सिस्टर
आमच्या निवासी शुश्रूषा केंद्रात ६४ खाटा आहेत. २२ जण अंथरुणाला खिळलेले, ९ जणांना कायमचं कॅथेटर (लघवीची नळी), ५ जणांना राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी जेवणाची नळी). 'इन्फेक्शन कंट्रोल (संसर्ग रोखण्याचं काम) आता तुम्ही बघा' असं व्यवस्थापनाने सांगितलंय, बाकीची ड्यूटी आहे तशीच. हॉस्पिटलमध्ये हे काम म्हणजे व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), ऑपरेशनच्या जखमा. इथे यातलं काही नाही, मग रोज बघायचं काय आणि मोजायचं काय? शिवाय दुसऱ्या मजल्यावर दोन दिवसांत चार आजींना उलट्या-जुलाब झालेत. सगळे स्वयंपाकघराला दोष देताहेत. सुरुवात कुठून करू?

सूक्ष्मजीव_डॉक्टर
सुरुवात उलट्या-जुलाबांपासून. एक कागद घ्या आणि आडव्या ओळीत लिहा: नाव, खोली, खाट, पहिली उलटी किंवा जुलाब कोणत्या तारखेला किती वाजता, किती वेळा, ताप, जेवण हॉलमध्ये की खोलीत की ट्यूबने, त्या पाळीला कोणती मावशी होती, नमुना कधी पाठवला, लक्षणं कधी थांबली. कर्मचाऱ्यांची नावंही यातच घाला. यालाच लाइन लिस्ट म्हणतात, आणि या कामाचा निम्मा जीव यातच आहे.

स्वयंपाकघराचा निवाडा तारीख-वेळेचा रकानाच करतो. एकाच जेवणातून झालं असतं तर बरेच जण काही तासांच्या अंतराने आजारी पडले असते, आणि सगळ्या मजल्यांवर. एकाच मजल्यावर आज दोन, उद्या दोन, तेही शेजारच्या खाटांवर, म्हणजे हातांवरून, कमोडवरून, कठड्यांवरून पसरतंय असा संशय घ्या. अशा साथीत नेहमी सापडणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूची लक्षणं दिसायला १२ ते ४८ तास लागतात. राइल्स ट्यूबवाल्या आजींनाही झालं असेल, तर हॉलमधल्या जेवणाला दोष देणं आणखी अवघड. तरी पाणी सोडू नका. टाकीच्या पाण्याची आणि दुसऱ्या मजल्यावरच्या नळाची ओटी टेस्ट (पाण्यातला क्लोरीन रंगावरून मोजायची तपासणी) आजच करा. नळाला उरलेला क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी आला तर टाकी धुऊन क्लोरीन घालेपर्यंत पाणी उकळूनच द्या.

आजच करायच्या गोष्टी: आजारी आजींचं जेवण खोलीत, लक्षणं थांबून ४८ तास होईपर्यंत. प्रत्येकीला वेगळा कमोड किंवा बेडपॅन. त्या मजल्यावरची मावशी इतर मजल्यांवर जाणार नाही आणि ताटं वाढणार नाही. हात साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. सॅनिटायझर नोरोव्हायरसवर कमी पडतो, त्यावर विसंबू नका. दोन-तीन जणींचे शौचाचे नमुने पहिल्या दोन दिवसांतच लॅबला पाठवा, उशीर झाला की कारण हाती लागत नाही. महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना, गावात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. पावसाळ्यात कॉलऱ्याचीही तपासणी मागून घ्या.

ओंटारियोची_परिचारिका
या कामाला मिळणाऱ्या तासांबद्दल लिहिते, कारण खरी मेख तिथेच आहे. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात दीर्घकालीन शुश्रूषा गृहांसाठी २०२१चा कायदा आहे, तो ११ एप्रिल २०२२पासून लागू झाला. त्याच्या नियमांत या कामासाठी प्रत्यक्ष गृहात थांबायचे आठवड्याचे किमान तास ठरवून दिलेत: ६९ किंवा कमी खाटांना १७.५, ७० ते १९९ खाटांना २६.२५, २०० आणि वर ३५. तुमच्या ६४ खाटांना तिकडच्या हिशेबाने साडेसतरा तास, म्हणजे जवळपास अर्धी नोकरी. भारतात तो नियम बांधील नाही, पण व्यवस्थापनापुढे ठेवायला आकडा आहे.

तिथे पोटाच्या साथीची व्याख्याही साधी आहे: एकाच विभागात ४८ तासांच्या आत दोन किंवा अधिक जणांना लक्षणं सुरू झाली की साथ समजून कामाला लागायचं. तुमच्याकडे चार आहेत. लॅबच्या रिपोर्टसाठी थांबायचं नसतं. म्हणून तासांबरोबर दोन अधिकार लेखी मागा: हॉल बंद करण्याचा आणि आजारी कर्मचाऱ्याला घरी पाठवण्याचा. ते नसतील तर तुम्ही फक्त वही भरत राहाल.

वृद्धसेवा_नागपूर
मीनलताई, साथ आवरल्यावर रोजचं काम म्हणाल तर पहिलं लक्ष कॅथेटरवर. राऊंडला नऊही जणांचं हे बघा: बॅग मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला टेकलेली नाही; नळी मांडीला चिकटवलेली; पिळा पडलेला नाही; बॅग दोन-तृतीयांश भरली की रिकामी; आणि प्रत्येकासाठी वेगळं भांडं. एकाच मगात सगळ्यांच्या बॅगा ओतत फिरणं हा सर्रास दिसणारा प्रकार आहे, रोगजंतू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात ते तिथूनच. व्हीलचेअरवर बसवताना बॅग मांडीवर ठेवतात, तेव्हा नळीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते. मावश्यांना हे एकदा हातात बॅग धरून दाखवा, तोंडी सांगून उपयोग नाही. आणि डॉक्टरांना प्रत्येक नावापुढे विचारा: कॅथेटर अजून का आहे?

लघवीला वास येतोय किंवा ती गढूळ आहे म्हणून कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) पाठवू नका. कायमचं कॅथेटर असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतातच. रिपोर्ट आला की अँटिबायोटिक सुरू होतं, पुढच्या वेळी त्याला न जुमानणारे जंतू आणि सी. डिफिसिलचे (अँटिबायोटिकनंतर आतड्यात वाढणाऱ्या जंतूचे) जुलाब. ताप, थंडी, कमरेच्या बाजूला किंवा ओटीपोटात दुखणं, अचानक उडालेलं भान, असं काही दिसलं तर आधी डॉक्टरांना बोलवा. त्यांनी कल्चर सांगितलं तर जुनं कॅथेटर बदलून नव्यातून नमुना घ्या, बॅगेतून कधीच नाही.

तापाचा आकडाही वेगळा धरावा लागतो. म्हाताऱ्या माणसांना १०१ चढायची वाट पाहिली तर उशीर होतो. तोंडात एकदा ३७.८ सेल्सिअसच्या (१०० फॅरनहाइट) वर, किंवा पुन्हा पुन्हा ३७.२च्या वर, किंवा नेहमीपेक्षा १.१ अंशांनी जास्त, हा ताप. त्यासाठी प्रत्येकाचं बरं असतानाचं तापमान फाइलवर हवं.

मीनल_सिस्टर
खूप आभार. लाइन लिस्ट केली, चौघी शेजारच्या दोन खोल्यांतल्या आहेत. आमच्याकडे पांढरं फिनाईल आणि हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं द्रावण) आहे. हायपोचं प्रमाण प्रत्येक जण वेगळं सांगतो.

सूक्ष्मजीव_डॉक्टर
कारण बाटल्या वेगळ्या असतात. लेबल वाचा. ५ टक्के असेल तर २० मिली हायपो आणि ९८० मिली पाणी, म्हणजे ०.१ टक्का: कठडे, नळ, दाराच्या कड्या, कॉलबेल, वॉकरच्या मुठी. उलटी-शौचाच्या जागेला ०.५ टक्का: १०० मिली आणि ९०० मिली पाणी. बाटली १० टक्क्यांची असेल तर हायपो या मापांच्या निम्मं (१० मिली किंवा ५० मिली), बाकी लिटरभर होईपर्यंत पाणी. फिनाईलवर नोरोव्हायरसचा भरवसा ठेवू नका.

क्रम चुकला की सगळं वाया: घाण असेल तिथे क्लोरीन तिच्यातच खर्ची पडतो. ग्लोव्हज, मास्क, एप्रन घालून कागदाने उचला, साबणाने धुवा, मग हायपो, आणि १० मिनिटं ओलं राहू द्या. उलटीचे बारीक थेंब दिसतात त्याहून लांब जातात, चारी बाजूंनी किमान दोन मीटर पुसा. द्रावण रोज ताजं. टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडबरोबर अजिबात नाही, विषारी क्लोरीन वायू होतो. फडकी खोलीगणिक वेगळी. एकच बादली-मॉप सगळ्या मजल्यावर फिरवला तर तुम्हीच साथ वाटत फिराल.

ओंटारियोची_परिचारिका
एक राहिलं: आजारी कर्मचारी. लक्षणं थांबून ४८ तास कामावर नको. पण पगार कापला जात असेल तर कोणतीच मावशी जुलाब होताहेत असं सांगणार नाही, आणि तुमची लाइन लिस्ट खोटी ठरेल. या दोन-तीन दिवसांची भरपगारी रजा व्यवस्थापनाकडून आजच मंजूर करून घ्या, बदली माणसाचं नाव ठरवा, आणि ते दोन्ही पाळीच्या वहीत लिहून मावश्यांना वाचून दाखवा.