उत्तर: गतीची दिशा दृष्टिपटलातच ठरते
डोळा फक्त प्रतिमा टिपतो आणि गती मेंदू ओळखतो, हे या चर्चेत मांडलेले मत मला मान्य नाही. त्याविरुद्ध चर्चेत दिलेला बार्लो आणि लेविक या शास्त्रज्ञांच्या सशावरील १९६५च्या प्रयोगांचा दाखला योग्यच आहे: सशाच्या दृष्टिपटलातील, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यातील, काही पेशी हालचालीची दिशा ओळखतात. मात्र एका दिशेच्या हालचालीला जोरदार प्रतिसाद देणारी आणि उलट दिशेला गप्प राहणारी गँग्लियन पेशी (दृष्टिपटलातून मेंदूकडे संदेश पाठवणारी पेशी) दिशा ओळखते कशी, हे अजून चर्चेत आलेले नाही. ऑयलर, डेटवायलर आणि डेंक यांनी २००२ मध्ये दाखवले की दृष्टिपटलातीलच, तारकेसारख्या पसरलेल्या अमॅक्राइन या मधल्या पेशीच्या शाखा केंद्राकडून टोकाकडे सरकणाऱ्या प्रकाशाला अधिक तीव्र प्रतिसाद देतात. पुढे २०११ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने या पेशी आणि गँग्लियन पेशी यांच्यातील जोडण्यांचा माग काढला गेला, तेव्हा गँग्लियन पेशीच्या नावडत्या (म्हणजे ती जिला गप्प राहते त्या) दिशेकडे रोख असलेल्या शाखाच तिच्याशी प्राधान्याने जोडलेल्या आढळल्या. त्यामुळे त्या दिशेने काही सरकले की गाबा या पेशीला शांत करणाऱ्या रसायनाचा लगाम तिच्यावर नेमका त्याच वेळी बसतो. इतकी काटेकोर जोडणी मला विलक्षण वाटते.

हे केवळ प्राण्यांपुरते आहे का, या प्रश्नाला एफआरएमडी-७ या जनुकाचे उदाहरण लागू पडते. त्यातील बिघाडामुळे काहींचे डोळे जन्मापासून आपोआप आडवे हलत राहतात. अशा रुग्णांत आडव्या सरकत्या दृश्यामागे डोळे फिरवणारी प्रतिक्षिप्त क्रिया आढळली नाही. आणि याच जनुकात बदल केलेल्या उंदरांच्या दृष्टिपटलात आडव्या दिशा ओळखण्याची क्षमता लोपली, उभ्या दिशांची मात्र टिकून राहिली.